मनोरीची घंटा ज्याच्या हाताने वाजेल, त्याला

मी, संघमित्रा राजाराम जाधव, वय बासष्ट, अविवाहित, राहणार मुलुंड पूर्व, मंगळवारी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे आणि कोणी सांगितले म्हणून मी हे लिहीत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. मुलुंडची सदनिका व बँकेतील ठेवी धाकटी बहीण ऋता हिला. व्यवस्थापक म्हणून तिनेच या इच्छा अमलात आणाव्यात. स्वयंपाकघराची जुनी खिडकी तिने काढू नये असे वाटते. पण घर तिचे, काढावी.

२. शिवणाची पत्र्याची पेटी माझी मैत्रीण, मनोरीची सखुबाई कोळी हिला. घाटकोपरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर प्रत्येक मुलीला अशी पेटी आणायला लावत. शेजारणीची सुई घ्यायची नाही, हा नियम. तेव्हा मला तो कोतेपणा वाटे. पुढे माझे सगळे काम त्याच नियमावर उभे राहिले.

३. मनोरीच्या बर्फ कारखान्यासाठी मी लिहिलेली जावा प्रणाली. हिच्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण वाद इथेच होईल. मुख्य प्रोग्रामला वेगवेगळी प्लगइन, म्हणजे एकेक काम करणारे छोटे जोडप्रोग्राम, जोडली आहेत. एक बिलांचे आहे, एक बर्फ गोठवणाऱ्या विषारी अमोनिया वायूची गळती ओळखून घंटा वाजवणाऱ्या सेन्सरचे. सेन्सर जुना, बनवणारी कंपनी बंद झालेली. त्याचे प्लगइन एका लायब्ररीच्या, म्हणजे तयार कोडच्या जार फाइलच्या, जुन्या आवृत्तीवरच चालते. बिलांना तीच लायब्ररी नवी लागते. म्हणून मी प्रत्येक प्लगइनला लायब्ररी शोधून आणणारा स्वतंत्र क्लासलोडर दिला. हवी ती लायब्ररी तो आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतो, तिथे नसेल तरच सामायिक फोल्डरमध्ये जातो. जावाची नेहमीची रीत उलटी: आधी वडीलधाऱ्यांना, म्हणजे सामायिक फोल्डरला, विचारायचे. त्या रीतीने आमच्या घरात मी बरीच वर्षे काढली.

४. माझा भाचा ओजस, दिवंगत भाऊ चंद्रप्रकाशचा मुलगा, माझ्या अंधेरीच्या ऑफिसात काम करतो. पावसाळ्यात तो म्हणाला, "आत्या, तीच जार फाइल दोन-दोन ठिकाणी? एकच ठेवू ना, लेटेस्टवाली."

"हात लावू नकोस."

"तू ना, संसार केला असतास तर चमचेपण वेगळे मोजून ठेवले असतेस."

पुढे हृदयाच्या पहिल्या झटक्याने मी अतिदक्षता विभागात असताना त्याने हात लावला. नवी आवृत्ती सामायिक फोल्डरमध्ये टाकली आणि शोधण्याचा क्रम उलटा केला. बिले झकास निघाली. सेन्सरच्या प्लगइनला मात्र नव्या लायब्ररीत नसलेली गोष्ट हवी होती. ते मुकाट्याने बंद पडले; स्क्रीनवरचा हिरवा दिवा तसाच राहिला. गणपतीनंतर गळती झाली. घंटा वाजली नाही. सखुबाईचा मुलगा कृणाल तिथली यंत्रे सांभाळतो. वास आला म्हणून तो पळाला. कित्येक दिवस त्याला डोळे उघडता येत नव्हते. ओजस फोनवर म्हणाला, "वाचला ना? मी सगळं रोलबॅक केलंय, होतं तसं." मनोरीला तो एकदाही गेला नाही.

५. म्हणून या प्रणालीचे सर्व हक्क कारखान्याच्या सहकारी संस्थेला. ओजसने तिला हात लावू नये.

सहीपूर्वीची नोंद: साक्षीदार कृणाल कामावर असल्याने मी सहीसाठी कारखान्यात आले. मागोमाग मार्वेच्या फेरीबोटीने ओजस आला. ऋताने सांगितले असणार.

"आत्या, सही नको करूस. आधी बघ तरी."

त्याने सेन्सरखाली चाचणीची अमोनियाची छोटी बाटली उघडली. दिवा हिरवा. घंटा गप्प. कृणालने जाऊन दार उघडे धरले.

"ह्याला रोलबॅक बोलतात काय रे?"

ओजस संगणकापुढे बसला. म्हणजे इतके दिवस कृणाल रोज आत जात होता आणि घंटा मेलेलीच होती. कुठे पाहायचे याचा मला अंदाज आला; पण त्यालाच शोधू द्यावे म्हणून मी हात पदरात घट्ट धरून बसले. बऱ्याच वेळाने ओजसला सापडले. शोधण्याचा क्रम त्याने पूर्ववत केला होता, पण सेन्सरच्या फोल्डरमधून काढून टाकलेली जुनी जार परत ठेवलीच नव्हती. म्हणून ते प्लगइन पुन्हा सामायिक फोल्डरमध्ये जात होते. पेटी परत दिली, सुई दिली नाही. त्याने ती फाइल ठेवली, प्रणाली पुन्हा चालू केली आणि बाटली उघडली.

घंटा अशी वाजली की बाहेर मासळी वाळवणाऱ्या बायका धावत आल्या. ओजसला बाटलीचे बूच लावता येईना. ते कृणालने लावले.

वरील कलम ५ मी खोडले आहे. बाजूला माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. प्रणालीचे हक्क ओजसला. अट एकच. तिच्यात काहीही बदलले की त्याने स्वतः मनोरीला यावे, बाटली उघडावी, आणि कामावरच्या माणसाने घंटा ऐकल्यावरच परतीची बोट धरावी.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही ठेवू नये असा संकेत आहे, हे मी कृणालला सांगितले. तो म्हणाला, "मना काय नको गो मावशी. वाजली ना? बस."

लिहून देणार: संघमित्रा राजाराम जाधव (सही)

साक्षीदार:
१. कृणाल हरेश्वर कोळी, यंत्रचालक (सही). सही माझ्यासमोर झाली. घंटा पण.
२. अक्षता वैती, सचिव, सहकारी संस्था (सही). दोन्ही माझ्यासमोर.

स्थळ: मनोरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५