मोरपंखी गाडीचा रिले

४ मार्च, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. शाळा सहावीत सोडली, पण अक्षर वाईट नाही. मालकांनी गॅरेजच्या मागच्या शेडमधली जुनी डिझेल गाडी माझ्या हवाली केली. वयाने माझ्या बापाएवढी. म्हणाले, महिनाअखेर चालू करून दाखव आणि चार दिवस घरी घेऊन जा. म्हणजे झालंच! गाडी थेट मॅडमच्या दारात. ती औषधाच्या दुकानात काउंटरला असते, म्हणून मी मॅडम म्हणतो. गावाहून निघताना एसटी स्टँडवर म्हणाली होती, "माझी वाट बघू नकोस." माझं कामात लक्ष लागावं म्हणून. फार विचार करते.

७ मार्च
मिस्त्रीकाका म्हणाले, आधी बॅटरी-वायरिंग बघ. पण दारात उभी राहिल्यावर माणूस वायरिंग बघतो का? आधी रंग. मोरपंखी, तिचा आवडता. बॉनेटच्या आतसुद्धा मारला. कोपरा सोडला नाही.

१२ मार्च
नवी बॅटरी टाकली. इंजिन फिरतं, पेटत नाही. डिझेलच पुढे जात नाही. प्रकार सोपा आहे. चावी फिरवली की रिले, म्हणजे करंट जोडणारी छोटी डबी, टक करतो, मग व्हॉल्व्हला करंट, मग डिझेल. चावी काढली की सगळं बंद. आपला रिले टक करत नाही. म्हणजे रिले गेला. उद्या नवा.
मॅडमला फोन केला. उचलला नाही. गर्दी असेल.

१३ मार्च
नवा रिलेही खराब निघाला.

१५ मार्च
तिसराही. हल्ली माल कसला येतो देव जाणे. काकांनी विचारलं, अर्थिंग बघितलंस का. म्हटलं, काका, रंग वाळल्यावर अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट मी स्वतः आवळलाय. ते माझ्याकडे बघत राहिले. वय झालं आता त्यांचं.

१९ मार्च
ताईचा फोन. मॅडमकडे पाहुणे दोनदा येऊन गेले म्हणे. मी म्हटलं, नाही म्हणायला तरी आधी घरात घ्यावंच लागतं ना. ताईचा फोन कट झाला. रेंज गेली असेल.

२३ मार्च, दुपार
रिलेचा नाद सोडला. बॅटरीवरून व्हॉल्व्हला डायरेक्ट वायर. पेटली! पहिल्या सेल्फला.
लगेच मॅडमला फोन. आज उचलला. फोन इंजिनाजवळ धरला, म्हटलं ऐक, गाडी घेऊन येतोय.
म्हणाली, "येऊ नकोस. मी स्टँडवरच सांगितलं होतं रे तुला. तू ऐकलंच नाहीस."
लग्न ठरलंय. मर्जीने करतेय का, असं विचारलं. हो म्हणाली.
मी म्हटलं, काही ऐकू येत नाही, थांब, गाडी बंद करतो. चावी काढली. गाडी चालूच. डायरेक्ट वायर, चावीला कोण विचारतो. चावी माझ्या हातात आणि इंजिन आपलं धडधडतंय. ती हॅलो हॅलो करत होती. मग नव्हती.
शेवटी काकांनी येऊन वायर उपटली.

२४ मार्च
काकांनी अर्थिंगचा बोल्ट सोडवला. खाली जाड मोरपंखी थर. "रंगातून करंट जातो का रे बाळा?" पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. लोखंड दिसेपर्यंत घासलं. रुपयाएवढीच जागा, पण वेळ लागला. डोळ्यांत रंगाची भुकटी गेली. काका पाठ करून उभे होते.
पहिला जुनाच रिले लावला. टक.
तिन्ही चांगलेच होते.

३१ मार्च
मालक खूश. रंगाचं फार कौतुक केलं. चावी पुढे केली, म्हणाले, जा, चार दिवस. म्हटलं, घरी तसं काही काम नाही.
जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये गाडीत जाऊन बसलो. चावी फिरवली, टक. काढली, टक. आता लगेच बंद होते.
घासलेल्या जागेवर पुन्हा रंग मारू नकोस, असं काका दोनदा बजावून गेले. नाही मारणार. डब्यात अर्धा उरलाय. फेकून दे म्हणाले.
झाकण घट्ट लावून ठेवलाय.