घासलेली जाळी

प्रिय ठमे,

तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या तुझ्या जाळीची बातमी पेपरात वाचली. सोबत फोटोही आहे, खाली उतरलेलं नुसतं तेल आणि जाळीवर टपोरे थांबलेले पाण्याचे थेंब. घरात आता बोलायला कुणी नाही, म्हणून दुकानात येईल त्याला दाखवतोय. शेजारचा कुलूपवाला तर मला पाहिलं की वाट बदलतो.

पण लिहायचं आहे ते तुझ्या पहिल्या जाळीबद्दल. चार वर्षांपूर्वी, परीक्षकांना दाखवायच्या आदल्या दिवशी, तू ती डबीत घालून घरी आणलीस. तांब्याची, तळहाताएवढी, काळीकुट्ट. माझं दुकान सोडून शिकायला गेलीस म्हणून मी दोन वर्षं अबोला धरला होता, तरी शेजारी बसून समजावलंस. या काळ्या थरात केसाहून हजारपट बारीक काटे आहेत, पाणी त्यांवर टेकत नाही, तेल मात्र आरपार जातं. मी मान डोलावली. कळलं काहीच नाही. तू माझ्याशी बोलतेयस एवढंच कळत होतं.

सकाळी डबी उघडलीस तर जाळी लखलखीत. आई म्हणाली, काळी पडली होती म्हणून मीच घासली. तू तिला नको नको ते बोललीस. तुझं वर्ष वाया गेलं, मग तूही दूर गेलीस. दर रविवारी फोन यायचा तो मला. आईला देऊ का म्हटलं की तू घाईत असायचीस. ती शेजारी बसून तुझा आवाज ऐकायची आणि नंतर विचारायची, जेवली का ती?

गेल्या महिन्यात ती गेली, तेव्हा आलीस. निघताना दारात म्हणालीस, बाबा, मी आईला माफ केलंय. तेव्हापासून हे पत्र रोज लिहायला घेतोय.

ठमे, जाळी मी घासली होती. जन्मभर तांब्या-पितळेला चकाकी देणारा माणूस मी, लेकीची वस्तू चार शहाण्यांपुढे काळी कशी जाऊ देणार? तू आंघोळीला गेलीस तेवढ्यात लिंबू-मीठ लावून काम उरकलं. तू ओरडलीस तेव्हा आईनं मला मागे सारलं. नंतर म्हणाली, तुमचं आत्ता कुठे जुळलंय, माझ्यावर रुसून रुसून किती दिवस रुसेल? रुसवा लांबला तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. पण रविवारचा फोन मला सोडवेना. येत्या रविवारी तो आला नाही तर का, ते मला कळेल. तिला माफ केलंस, ते शब्द तेवढे मागे घे.

तुझाच,
बाबा