मान मोडून दिल्यावर

दादा,

उद्या तू माझी दाढी करायला येशील आणि आपण हवापाण्याचं बोलू. हे पत्र उशीखालीच राहील.

डावा हात अजून लाकडासारखा आहे. कापड धरता येत नाही, शिलाई मशीन झाकून ठेवलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "एवढ्या तरुण वयात अर्धांगवायू उगाच होत नाही. मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली, तिथली गुठळी मेंदूत गेली. कुणी मानेला झटका दिला होता?" तू औषधांची पिशवी घेऊन दारात उभा होतास. मी म्हटलं, "नाही."

अर्धांगवायूच्या आदल्याच दिवशी केस कापून झाल्यावर तू नेहमीसारखी माझी मान कडकन मोडून दिली होतीस. "बघ, शीण गेला," म्हणालास. गिऱ्हाइकं त्यासाठीच तुझ्याकडे येतात, म्हणून मी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं नाही. वाटलं, त्यांचा प्रश्न तुला दारात ऐकूच गेला नसेल.

पण तेव्हापासून तू माझ्या मानेला हात लावत नाहीस. म्हणजे तू ऐकलं होतंस.

आज खिडकीतून समोर तुझ्या दुकानात पाहिलं. माझ्याच वयाच्या एका माणसाची हनुवटी तुझ्या एका तळहातात होती, दुसरा हात त्याच्या डोक्यामागे, आणि तो निवांत डोळे मिटून बसला होता.

तुझाच,
धाकटा