कोरडे हात

बाबा,

काळजी नको, मी बरी आहे. लोरेनआत्या पोटभर जेवू घालते. मी तिच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना कयाक होडीतून समुद्राकाठच्या उथळ लगूनवर ट्राउट मासे धरायला नेते. माझ्या खोलीत आता नव्या आईचं बाळ झोपतं ना?

आज एका पाहुण्यानं कोरड्याच हातांनी ट्राउट उचलला, मुका घेत फोटो काढला आणि पाण्यात सोडला. "बघा, कसा मजेत गेला!"

आत्या पुटपुटली, "मेल्यानं हात ओले केले नाहीत. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की मासा लगेच नाही मरत, हळूहळू सडतो."

मला इथे सोडताना तुम्हीही मिठी मारून फोटो काढला होतात. मी हसतच आत गेले होते.

तुमची, मजेत गेलेली,
डार्सी