कॉइल क्रमांक सात सपाट न करण्याबाबत

प्रति,
मा. भांडार अधीक्षक,
संलयन संशोधन केंद्र.

विषय : माझ्या दिवंगत वडिलांनी घडवलेल्या तांब्याच्या चाचणी-कॉइलची 'दुरुस्ती' थांबवणे.
संदर्भ : खुलासा मागणारे आपले दि. ३ चे पत्र.

महोदय,

१. कॉइल क्रमांक सात वडिलांच्या ताब्यात असताना वाकडी कशी झाली, याचा खुलासा त्यांनी सोमवारी समक्ष येऊन करावा, असे आपण कळवले आहे. वडील सहा आठवड्यांपूर्वी वारले. आपल्याच सहीचे शोकपत्र आम्हाला मिळाले होते. दोन्हींपैकी खुलाशाचे पत्र अधिक आपुलकीचे वाटते. त्यात निदान वडिलांचे नाव बरोबर आहे.

२. कॉइल वाकडी झालेली नाही, केलेली आहे. आपल्या केंद्रातील यंत्रात सूर्याच्या गाभ्याहून तापलेला वायू भिंतीला टेकू न देता चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरायचा आहे. साध्या गोल कॉइलमधून तो निसटतो, म्हणून प्रत्येक कॉइलला मोजून पीळ द्यावा लागतो. ही माहिती प्रवेशद्वारावरील फलकावर चित्रासह आहे. आपण रोज त्याखालून जाता.

३. पाचवी आणि सहावी कॉइल आपण कार्यशाळेकडून सपाट करून घेतली. काम सुबक झाले आहे. भांडारपालांनी मला ते कौतुकाने दाखवले. सातवीसाठी विनवले तेव्हा म्हणाले, "ताई, यादीत चांगली, वाकडी आणि मोडकी एवढेच रकाने आहेत. मी तरी कुठे लिहू?" माणूस सज्जन आहे. त्यांनी मला बसायला स्टूल दिले.

४. पाचवी-सहावीची ड्रॉइंग आहेत, त्या पुन्हा घडवता येतील. सातवीचे नाही. वडील तिचे चुंबकीय क्षेत्र मोजत, लाकडी हातोडीने जरासा बाक बदलत, पुन्हा मोजत. सगळे जुळल्यावरच ड्रॉइंग काढायचे, ही त्यांची पद्धत. "आधी कॉइलला विचारू, मग कागदाला सांगू," असे ते म्हणत. या वेळी कागदाला सांगायचे राहिले. त्यांच्या शेवटच्या तीन वर्षांची नोंद त्या तांब्यातच आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

५. तेव्हा सोमवारी खुलासा द्यायला मी येते. वडिलांच्या हाताखालची अभियंता मापनयंत्र घेऊन सोबत येईल. मापे घेऊन ड्रॉइंग काढायला तिला दोन दिवस लागतील. तोवर कार्यशाळेने कॉइलला हात लावू नये, एवढा लेखी आदेश द्यावा. त्यानंतर आपण ती सपाट केलीत तरी माझी हरकत नाही. हे शेवटचे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

आदेशाची वाट पाहणारी, नम्र,
(सही)
कॉइल-आरेखकाची मुलगी
दि. ७

सोबत :
१) मृत्यूचा दाखला (तिसरी प्रत, आधीच्या दोन आपल्याकडे आहेत)
२) आपले शोकपत्र, नाव दुरुस्त करून