अत्तरवाल्याला आठवलेली बाई

आये, मागल्या महिन्यात मावशी गेली. तुझी धाकटी बहीण. शेवटपर्यंत मी भेटायला गेलो की तुझ्या नावानं बोटं मोडायची. लहानपणी तू तिच्या ताटातला बोंबील उचलायचीस आणि वर तिलाच विचारायचीस, रडतेस कशाला? हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल! तिच्या दहाव्याहून परतताना एकदम लक्षात आलं की आता आपल्या माणसांत तुला पाहिलेलं माझ्याशिवाय कुणीच उरलं नाही. बाबा केव्हाच गेले. तुझ्या सुनेनं तुला फोटोतच पाहिलंय. मी गेलो की तू पुन्हा एकदा जाणार. हे काही केल्या मनातून जाईना. म्हणून परवा पायात चपला घातल्या आणि पनवेलच्या जुन्या बाजारात गेलो. कुणीतरी तुझ्याविषयी दोन शब्द बोलावेत, एवढंच हवं होतं.

बाजारातच का, तर घरात तू बोलायचीसच कुठे? घरात तुझे डोळे बोलायचे आणि आम्ही गुमान ऐकायचो. तुझं तोंड उघडायचं ते दुकानात. विचुंब्याहून आपण चालत यायचो, तू पुढे उंचच्या उंच, मी मागे रिकामी पिशवी घेऊन. दोरखंडाच्या दुकानात तू दोराचं एक टोक पायाखाली दाबायचीस, दुसरं दोन्ही हातांनी ओढायचीस आणि म्हणायचीस, "तुटला तर तुजा, नाय तुटला तर माजा." दुकानदार कपाळाला हात लावायचा. मग तांब्या-पितळेचं दुकान. तू हंड्यावर बोटाचं हाड वाजवतेस, कान लावतेस, सगळं दुकान गप्प होऊन वाट बघतं आणि तू हंडा खाली ठेवतेस. "ह्यो बोलत नाय. दुसरा दाव." मला शरमेनं मेल्यासारखं होतं, आणि त्याच वेळी वाटतं, माझ्या आईसारखी बाई या बाजारात दुसरी नाही.

शेवटी मशिदीच्या गल्लीतलं अत्तराचं दुकान. तिथे तू घ्यायचीस फक्त ऊद, गावातल्या बाळंतिणींच्या धुरीसाठी. दुकानातला तरुण माणूस माझ्या कानात अत्तराचा फाया खोचायचा आणि तू त्याच्यावर डाफरायचीस, "आमच्या पोराला असले लाड नको हाय." पण गल्ली संपली की तोच फाया माझ्या कानातून काढून पदराच्या टोकाला बांधायचीस. एकदाही हसली नाहीस. मीही कधी काही विचारलं नाही.

परवा दोरखंडाच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. "काका, कव्हर दाखवू का टफन ग्लास?" मी म्हटलं, इथे पूर्वी दोर मिळायचे. तो म्हणाला, "ऑनलाइन बघा ना." पितळेच्या दुकानात आता सगळं स्टील. गल्ल्यावरचा मुलगा भला होता. "आजोबा असते तर त्यांना नक्की आठवलं असतं," म्हणाला आणि हार घातलेल्या फोटोकडे बोट दाखवलं. मी एका डब्यावर उगाच बोट वाजवून पाहिलं. कसली खोट शोधतोय हे त्याला कळेना, मलाही कळेना. माझा चेहरा बघून त्यानं पाणी विचारलं.

अत्तराचं दुकान मात्र आहे! तोच माणूस आहे, दाढीला मेंदी, डोळ्यांना जाड भिंगं. त्यांनी माझ्या मनगटाला काहीतरी लावलं. तळोज्याच्या केमिकल कंपनीत जन्म काढल्यावर माझ्या नाकात काय राम राहिलाय, पण मी "वा" म्हटलं. मग घसा साफ करून विचारलं, "चाचा, फार वर्षांपूर्वी विचुंब्याची एक बाई यायची तुमच्याकडे. ऊद घ्यायला. बरोबर मुलगा असायचा. आठवते का?"

त्यांनी डोळे मिटले.

"या अल्ला, ती कशी विसरेन?" ते म्हणाले. "ठेंगणीशी, गोल चेहऱ्याची. हसायला लागली की थांबायची नाही. यायची तेव्हा माझ्यासाठी पानात बांधून जांभळं आणायची. तीच ना? तुमची अम्मी?"

आये, तू उंच होतीस. तुझा चेहरा लांब होता. जांभळं तू कुणाला दिली असतीस तर आधी मोजून दिली असतीस.

"हो," मी म्हटलं. "तीच."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. ती बाई सासूची नक्कल कशी करायची, एकदा भर दुकानात गुलाबपाणी सांडलं तर "आता उरूस करा" म्हणून कशी हसली, सगळं सांगितलं. मी माना हलवत राहिलो. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि तुमची तारीफ किती करायची! म्हणायची, भाऊ, माजा पोर लाखात एक हाय, त्याला नजर नको लागायला."

कुठल्या तरी परक्या आईनं तिच्या मुलाचं केलेलं कौतुक. तो मुलगा कुठे असेल, आहे की नाही, देव जाणे. त्याचं होतं ते मी घेतलं. बाजारातून बाहेर येईपर्यंत रडत होतो, भर दुपारी, या वयात. रिक्षावाल्यानं विचारलं, काका, बरं वाटत नाही का?

तू हे वाचणार नाहीस, म्हणून लिहायचं धाडस झालं. आता तुझा चेहरा आठवायला गेलो की तो हळूहळू गोल होतो, हसायला लागतो, आणि मी त्याला थांबवत नाही. घरात सांगून ठेवलंय, शुक्रवारी गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचंय. डॉक्टरकडे नाही, चाचांकडे जाणार आहे मी.