तीनशे वीस मीटर

दि. ६ एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

काल संध्याकाळी सुखरूप पोचले. घर बंद होतं म्हणून कुबट वास येत होता, सगळ्या खिडक्या सताड उघडून बसले आहे. मला फोनवर धड ऐकू येत नाही आणि तुझ्या बेटावर तो धड लागत नाही, तेव्हा आपलं पत्रच बरं.

तुला एक कबूल करते. पासष्टी झाली म्हणून तू मला आठ दिवस देवमासे बघायला बोलावलंस, तेव्हा मनात म्हटलं होतं, पाहुण्यांना बोटीतून फिरवायचं आणि त्या पैशांवर संशोधन चालवायचं, म्हणजे आपली खारू शेवटी सहलवालीच झाली. पण तू तर आम्हाला कामालाच जुंपलंस! दर अर्ध्या तासाला तक्ता भरा, डॉल्फिन मोजा, पाठीवरच्या परांचे फोटो काढा. प्रसूतिकक्षात एकतीस वर्षं नोंदी केल्या, निवृत्त झाल्यावरही सुटका नाही. पण खरं सांगू, इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते. अक्षर चांगलं म्हणून तू तक्ता माझ्याकडे दिलास, त्याचा तर मला तोराच चढला होता.

शेवटच्या दिवशी तू तापाने पडलीस, त्याची चुटपुट लागून राहिली. त्या सकाळी देवमाशाची एक मादी आणि तिचं पिल्लू दिसलं. फार लांब होती. तक्त्यात लिहिलंच आहे. येताना एका ओंडक्याला बोट जराशी घासली, चहा सांडला, एवढंच.

अठरा वर्षं त्या माशांच्या मागे हिंडतेस, जरा स्वतःच्या तब्येतीच्याही मागे लाग. या म्हातारीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई


दि. १४ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताप उतरला, पण बातमी वाईट आहे. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते पिल्लू दगडी धक्क्यापलीकडे मेलेलं लागलं. साडेचार मीटर लांब, जेमतेम तीन आठवड्यांचं. पाठीवर पाच घाव, एकापुढे एक, सारख्या अंतरावर, पाव कापावा तसे. असे घाव फक्त बोटीच्या पंख्याने होतात. जनावरांचे डॉक्टर आणि मी दिवसभर गुडघाभर पाण्यात उभं राहून ते उघडलं. पोटात आईचं दूध होतं. तू असायला हवी होतीस, असं सारखं वाटत होतं. असल्या वेळी तुझे हात थरथरत नाहीत.

बंदर कार्यालयाचे निरीक्षक चौकशी करताहेत. त्या सकाळी खाडीच्या तोंडाशी दोनच बोटी होत्या, एक आपली आणि एक इथल्या म्हाताऱ्या मच्छीमाराची. पिल्लू बरोबर असलं की तीनशे मीटरच्या आत जायचं नाही, हा नियम तर तुला पाठच आहे. तक्त्यावर तीनशे वीस मीटर लिहिलंय, कप्तानही तेच सांगतात. अक्षर तुझं, म्हणून मी डोळे मिटून खाली सही केली.

तुझा रोल धुऊन आला का? आला की फोटो पाठव. पिल्लाच्या शेपटीवरची पांढरी खूण जुळली की माझी नोंद पुरी होईल.

तुझा जीव माझ्यावर आहे तसाच राहू दे.

तुझी
खारू


दि. २२ एप्रिल

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. इकडे उन्हाने नुसती काहिली होतेय. शेजारच्या शिंपीणबाई भाजी आणून देतात आणि तिच्यासोबत तासभर गप्पाही, नको म्हणायची सोय नाही.

फोटो वाया गेले. रोलमध्ये उजेड शिरला म्हणे, सगळे काळे आले.

तू त्या पिल्लाचा फार विचार करत बसू नकोस. समुद्रात काय कमी जीव मरतात? कप्तान भला माणूस आहे, घरी दोन लहान मुली आहेत. आणि पाहुण्यांच्या फेऱ्या थांबल्या की तुझं संशोधन केंद्र बंद, हे तूच मला सांगितलंस ना? गेलेला जीव काही परत येत नाही. उकरून काढून कुणाचं भलं होणार आहे?

जेवणाची हेळसांड करू नकोस. आठवण काढत जा.

ताई


दि. ३ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

पिल्लाची आई अजून इथून हललेली नाही. पाण्यात सोडलेल्या माइकवर तिचा आवाज येतो. एकच हाक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा तीच. पाहुणे कानाला हेडफोन लावतात आणि म्हणतात की किती छान गातेय.

निरीक्षकांनी म्हाताऱ्याची बोट ओढून वाळूवर घेतली. तिच्या पंख्याचं एक पातं वाकलेलं निघालं. तो म्हणतो की ते मागच्या वर्षी खडकाला लागून वाकलं. पण ऐकतंय कोण? परवाना बहुतेक जाणार. चाळीस वर्षं ज्यांच्या शेजारी त्याने जाळी वाळत घातली, ते लोक आता त्याला बघून तोंड फिरवतात.

काल त्याची बायको माझ्या खोलीवर आली. बस म्हटलं तरी बसली नाही. दारातूनच म्हणाली की तुमच्या कागदावर तीनशे वीस लिहिलंय म्हणून आमचा माणूस पापी ठरला. पुढे म्हणाली की मला लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा एवढंच विचारते, तो आकडा मोजला कुणी?

ताई, आता तेच मी तुला विचारते.

खारू


दि. ९ मे

खारू,

कुणीही मोजला नाही. कप्तानाने सांगितला, मी लिहिला.

बाकीचे पाहुणे डावीकडे डॉल्फिन मोजत होते. उजव्या कठड्याशी मी एकटीच होते. मीच कप्तानाला म्हणाले की या वयात पुन्हा कुठे दिसायला, जरा जवळ घ्या. तो नको म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं की मी खारूची बहीण आहे, ती काही म्हणणार नाही. मग त्याने घेतली. आई खाली बुडाली. पिल्लू मात्र बोटीकडेच आलं, इतकं जवळ की त्याच्या श्वासाचे तुषार माझ्या चष्म्यावर उडाले. मी हसत होते गं. तेवढ्यात धक्का बसला. मागे पाणी लाल झालेलं मी पाहिलं. एकतीस वर्षं प्रसूतिकक्षात काढलेल्या बाईला रक्त ओळखता येत नाही का? कप्तान पांढराफटक पडला. ओंडकाच होता ना, असं त्याने मला विचारलं. मी हो म्हटलं.

फोटो चांगले आले आहेत. एक सोबत पाठवते. पिल्लू, शेपटीवरची खूण आणि कठड्याला टांगलेली, आपल्या बोटीचा नंबर असलेली जीव वाचवायची लाल रिंग, सगळं एकाच चौकटीत आहे. दुसरी प्रत आणि माझा सही केलेला जबाब आजच निरीक्षकांच्या नावे रजिस्टर केला. मुद्दाम तुझ्या हाती दिला नाही. तुला तो दाबून ठेवावासा वाटला असता, तर मी कुठल्या तोंडाने तुला बोलणार होते?

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

ताई


दि. ३० मे

ती. ताईस,

जबाब पोचला. कप्तानाचा परवाना गेला, फेऱ्या थांबल्या, पुढच्या आठवड्यात केंद्राला कुलूप लागेल. अठरा वर्षांचे तक्ते खोक्यांत भरतेय. कुठे न्यायचे ते माहीत नाही. पिल्लाच्या आईचा आवाज परवापासून येत नाही. माइक अजून पाण्यातच ठेवलाय.

तुझ्यावर राग आहे, तो लपवत नाही. पण तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी कप्तान बोटीचा पंखा बदलत होते. मी खिडकीतून पाहिलं. का बदलता, हे विचारलं नाही, कारण उत्तर नको होतं. आता निरीक्षकांना तेही सांगून आले.

काल मच्छीमारबाबांकडे गेले. बोट परत मिळाली आहे, पण इतके दिवस उन्हात पडून तिच्या फळ्या उकलल्या आहेत. बाबा ओट्यावर बसून स्वतःचं जाळं कापत होते, शेजाऱ्याला कोंबड्यांच्या खुराड्याला हवं म्हणून. मी सगळं सांगितलं, तुमचा काही दोष नाही म्हटलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की बाई, तुम्ही मनाने चांगल्या आहात, म्हणून असं बोलता.

ताई, त्यांना आता खरंच वाटतंय की त्यांनीच मारलं. आधी नाही म्हणत होते, पण सगळं गाव एकच बोलायला लागल्यावर त्यांना त्या सकाळचा धक्का आठवायला लागला. पंख्याखाली काहीतरी मऊ लागलं होतं, हे ते माझा हात धरून मलाच समजावत होते. तू पाठवलेला फोटो दिला. त्यांचे डोळे अधू आहेत. अगदी नाकाशी नेला, तरी त्यांना त्यात काही दिसेना. परवाना घरपोच परत आलाय, तो त्यांनी हातातही घेतलेला नाही.

निघताना त्यांची बायको म्हणाली की जिने डोळ्यांनी पाहिलं, तिने समोर बसून सांगितलं तर कदाचित पटेल.

गुरुवारची बोट पकड. मी धक्क्यावर उभी असेन. आधी त्यांच्याकडे जाऊ. आपलं दोघींचं जे बोलायचं ते नंतर.

खारू